भावी शिक्षकांसाठी विषशास्त्र आणि व्यसनप्रतिबंध : आशय, अध्यापनपद्धती आणि शिक्षकाच्या भूमिकेच्या मर्यादा

गोषवारा

शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात व्यसनमुक्ती हा विषय सामान्यतः आरोग्यशिक्षणाच्या एका उपघटकापुरता मर्यादित राहतो आणि विषशास्त्राची मूलतत्त्वे जवळपास अनुपस्थित असतात. प्रस्तुत लेखात हे दोन विषय एकत्र शिकवण्याची आवश्यकता स्पष्ट केली आहे. मात्रा, शरीरात शिरण्याचा मार्ग, चयापचय आणि काळ या चार संकल्पना समजलेला शिक्षक अपघाती विषबाधेच्या प्रसंगी योग्य कृती करू शकतो आणि व्यसनाविषयी अतिशयोक्ती न करता बोलू शकतो. भीती दाखवणारे अध्यापन प्रतिबंधासाठी निष्फळ का ठरते, जीवनकौशल्यांवर आधारित अध्यापन कसे करावे आणि शिक्षकाच्या भूमिकेची कायदेशीर व नैतिक सीमा कोठे आहे, याचेही विवेचन लेखात केले आहे.

बीजशब्द : विषशास्त्र, व्यसनप्रतिबंध, छात्राध्यापक, जीवनकौशल्ये, तंबाखू, शालेय आरोग्य.

१. प्रस्तावना

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन या गावच्या प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजन घेतल्यानंतर २३ बालकांचा मृत्यू झाला. अन्नात, स्वयंपाकाच्या तेलात आणि तेलाच्या भांड्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे न्यायवैद्यक तपासणीत निष्पन्न झाले. तेलाविषयी स्वयंपाकिणीने शंका व्यक्त केली होती, असे त्या वेळच्या वृत्तांतांत नमूद आहे. या घटनेची चर्चा प्रामुख्याने प्रशासकीय हलगर्जीपणाच्या अंगाने झाली आणि ते योग्यच होते. परंतु शिक्षक-शिक्षणाच्या दृष्टीने तिच्यातून आणखी एक प्रश्न उभा राहतो. कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊनही निर्धोक होत नाही, अपरिचित वास ही धोक्याची सूचना असते, आणि मुले एकापाठोपाठ एक उलट्या करू लागली तर वेळ न दवडता त्यांना रुग्णालयात हलवायचे असते, या गोष्टी शिक्षकाला त्याच्या प्रशिक्षणकाळात कोणी शिकवतो का?

दुसरा प्रश्न याहून अधिक नित्याचा आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही माध्यमिक शाळेच्या शिक्षकाला सेवाकाळात केव्हा ना केव्हा दप्तरात मावा किंवा खर्ऱ्याची पुडी सापडलेला, व्हाइटनर हुंगणारा अथवा घरातील दारूमुळे अभ्यासातून उठलेला विद्यार्थी भेटतोच. अशा वेळी शिक्षकाने काय करावे, हे बी.एड. अथवा डी.एल.एड. झालेल्या बहुसंख्य शिक्षकांना स्वतःच्या अंदाजानेच ठरवावे लागते. अंदाज चुकल्यास त्याची किंमत विद्यार्थी मोजतो : कधी शाळा सुटते, कधी उपचार लांबतात.

वरील दोन प्रश्न वरवर पाहता भिन्न आहेत. पहिला अपघाती विषबाधेचा आहे, तर दुसरा स्वेच्छेने घेतलेल्या पदार्थाचा. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच शास्त्र आहे. बाहेरून शरीरात आलेला पदार्थ शरीरात काय करतो आणि शरीर त्या पदार्थाचे काय करते, याचा अभ्यास म्हणजे विषशास्त्र. म्हणून हे दोन विषय भावी शिक्षकांना एकत्र शिकवणे सयुक्तिक ठरते.

२. अभ्यासक्रमातील स्थान

२०१५ पासून बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शालेय आंतरवासितेचा कालावधी लक्षणीय वाढला. त्यामुळे छात्राध्यापकाचा शाळेशी येणारा संबंध पूर्वीच्या मोजक्या सराव पाठांपुरता राहिला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी आरोग्यदूत म्हणून काम करणे अपेक्षित असून कार्यक्रमाच्या ११ विषयसूत्रांत मादक पदार्थांच्या गैरवापराचा प्रतिबंध हे एक सूत्र आहे. म्हणजे ही जबाबदारी शिक्षकावर अधिकृतपणे आलेली आहे. प्रशिक्षण महाविद्यालयांत मात्र हा विषय बहुधा एखाद्या व्याख्यानापुरता, भित्तिपत्रक स्पर्धेपुरता किंवा प्रभातफेरीपुरता उरतो.

ही उणीव भरून काढताना दोन टोके टाळावी लागतात. एक टोक वैद्यकीय आहे. छात्राध्यापकाला रसायनांची नावे आणि लक्षणांच्या याद्या पाठ करायला लावल्याने तो अर्धवट डॉक्टर बनतो. दुसरे टोक उपदेशाचे आहे. त्यात व्यसनाची निंदा भरपूर असते, पण पदार्थाविषयीचे ज्ञान शून्य असते. शिक्षकाला गरज आहे ती मोजक्या, पक्क्या आणि वर्गात वापरता येण्याजोग्या संकल्पनांची.

३. विषशास्त्राच्या चार मूलभूत संकल्पना

(अ) मात्रा : कोणताही पदार्थ विष ठरतो की नाही हे त्याच्या मात्रेवर अवलंबून असते, हा विचार सोळाव्या शतकातील वैद्य पॅरासेल्सस (१४९३–१५४१) यांच्या नावाशी जोडला जातो. मीठ, पाणी, औषध आणि विष यांच्यातील सीमारेषा मात्रेने आखली जाते. छात्राध्यापकांना ही संकल्पना साध्या भागाकाराने समजावता येते. एकाच वजनाचा पदार्थ ६० किलो वजनाच्या प्रौढाच्या आणि २० किलो वजनाच्या बालकाच्या पोटात गेला, तर बालकाला दर किलो वजनामागे तिप्पट मात्रा मिळते. मोठ्यांना 'काही होत नाही' म्हणून मुलांनाही होणार नाही, हा समज एवढ्या गणिताने दूर होतो.

याच संकल्पनेचा व्यवहारातील उपयोग कीटकनाशकाच्या डब्यावर दिसतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणाची श्रेणी दाखवतो. लाल रंग सर्वाधिक विषारी गटाचा, त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा. हिरवा रंग निर्धोकपणाची हमी देत नाही, तो केवळ तुलनेने कमी विषारीपणा सांगतो. ग्रामीण भागातील विद्यार्थी हे डबे रोज पाहतात. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हा हा त्रिकोण वाचता येणे हेही साक्षरतेचेच अंग मानले पाहिजे.

(आ) मार्ग आणि वेग : पदार्थ तोंडावाटे, श्वासावाटे की त्वचेवाटे शरीरात शिरतो, यावर परिणामाचा वेग ठरतो. विडी-सिगारेटच्या धुरातील निकोटिन सुमारे १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तंबाखू मळताना त्यात चुना का मिसळतात, याचे उत्तरही येथेच आहे. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते, निकोटिन मुक्त रूपात येते आणि तोंडाच्या अस्तरातून ते अधिक सहजतेने शोषले जाते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या सवयीमागचे हे रसायन विज्ञान शिक्षकाला आम्ल-आम्लारी या घटकात सहज गुंफता येते.

(इ) चयापचय : शरीर बहुतेक परकीय पदार्थांचे, मुख्यतः यकृतात, रूपांतर करून ते बाहेर टाकते. परंतु काही वेळा हे रूपांतरच घातक ठरते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी भागात विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा दारूतील मिथेनॉल स्वतः फारसे विषारी नसते. शरीरात त्याचे फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल बनते. हे आम्ल रक्ताची आम्लता वाढवते आणि दृष्टीच्या मज्जातंतूवर आघात करते. रूपांतराला वेळ लागत असल्यामुळे माणूस आरंभी केवळ नशेत असल्यासारखा दिसतो आणि तीव्र लक्षणे कित्येक तासांनी प्रकट होतात. 'आता ठीक दिसतो आहे, म्हणजे धोका टळला' हा निष्कर्ष विषबाधेत किती फसवा असतो, हे या उदाहरणातून कळते.

(ई) काळ : काही परिणाम मिनिटांत दिसतात, काही दशकांनंतर. सुपारीचे उदाहरण बोलके आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला मानवी कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात स्थान दिले आहे. तंबाखू नसलेली सुगंधी सुपारीही दीर्घकाळ चघळल्यास तोंडाच्या अस्तराखालील ऊती ताठ होत जातात आणि तोंड उघडणे अवघड होते. 'यात तंबाखू नाही' एवढ्यावर समाधान मानणाऱ्या पालकांना व शिक्षकांना ही माहिती असणे आवश्यक आहे.

४. शाळेच्या परिसरातील विषे आणि तातडीची कृती

महाराष्ट्रातील शाळांच्या कुंपणाला अनेकदा मोगली एरंड अर्थात चंद्रज्योत असते. तिच्या बियांची चव शेंगदाण्यासारखी लागते, म्हणून मुले त्या खातात आणि काही तासांत उलट्या, पोटदुखी व जुलाबांनी हैराण होतात. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक मुले बरी होतात, पण शरीरातील पाणी कमी झाल्यास स्थिती बिघडू शकते. पिवळ्या कण्हेरीच्या बिया हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. गुंजेचे बी मोहक दिसते, परंतु फोडून चावल्यास ते अत्यंत विषारी असते. महाशिवरात्रीला देवाला वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्यात ॲट्रोपिन व तत्सम द्रव्ये असतात. त्यांनी बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते आणि माणूस असंबद्ध बडबडू लागतो.

हेच ॲट्रोपिन सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेवर रुग्णालयात उतारा म्हणून दिले जाते. या कीटकनाशकांनी बाहुल्या आकसतात, लाळ व घाम सुटतो, श्वास कोंडतो. ॲट्रोपिनचा परिणाम यातील बहुतेक लक्षणांच्या उलट दिशेने होतो. एका परिस्थितीत विष असलेला पदार्थ दुसऱ्या परिस्थितीत, मोजक्या मात्रेत आणि वैद्यकीय देखरेखीखाली, जीव वाचवतो. मात्रेची संकल्पना पटवण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. अर्थात यावरून धोतऱ्याचा घरगुती उपचार करण्याची कल्पना कोणी काढू नये, हे वर्गात स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

तातडीच्या प्रसंगी शिक्षकाने करावयाची कृती थोडी आणि ठाम असावी. बालकाला विषाच्या संपर्कातून दूर करावे. कपड्यांवर कीटकनाशक सांडले असल्यास कपडे काढून त्वचा साबण-पाण्याने धुवावी आणि हे करताना स्वतःच्या हातांचे रक्षण करावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बालक गुंगीत असल्यास व श्वास चालू असल्यास त्याला कुशीवर वळवावे. पदार्थाचा डबा, वेष्टन, बिया किंवा झाडाची फांदी रुग्णालयात सोबत न्यावी. केव्हा, काय आणि किती पोटात गेले, याची नोंद करावी. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १९९५ पासून कार्यरत आहे आणि त्याच्या १८००-११६-११७ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

जे करू नये, तेही तितकेच महत्त्वाचे आहे. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. रॉकेल प्यायलेल्या बालकाला उलटी झाल्यास रॉकेल फुप्फुसात शिरून तेथे दाह होतो. आम्ल किंवा दाहक अल्क गिळले असल्यास उलटीच्या वेळी अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. ताक, लिंबू, तूप यांसारखे उपाय करण्यात वेळ दवडू नये. उलटी करवण्याची प्रथा समाजात इतकी रुजलेली आहे की, ती मोडण्यासाठी छात्राध्यापकांकडून प्रत्यक्ष प्रसंगनाट्याद्वारे सराव करून घेणे इष्ट ठरते.

५. विषाकडून व्यसनाकडे

व्यसनाच्या पदार्थांना वरील चारही संकल्पना लागू पडतात. त्यांत आणखी एका घटकाची भर पडते. हे पदार्थ मेंदूतील सुखद अनुभव व प्रेरणेशी निगडित यंत्रणेवर परिणाम करून ती कृती पुन्हा करण्याची ओढ निर्माण करतात. पुढे तोच परिणाम मिळवण्यासाठी अधिक मात्रा लागते, हिला सहनशीलता वाढणे म्हणतात. पदार्थ थांबवल्यावर अस्वस्थता, चिडचिड, निद्रानाश असा त्रास उद्भवतो. त्यामुळे व्यसन हे केवळ इच्छाशक्तीच्या अभावाचे लक्षण मानता येत नाही. नियोजन व आत्मनियंत्रणाशी संबंधित असलेला मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत असतो, म्हणून कुमारवयात झालेली सुरुवात अधिक चिंताजनक ठरते.

उपलब्ध आकडेवारी दोन गोष्टी दाखवते. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करत होते. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी वयाची दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच सुरुवात केली होती. म्हणजे आठवी-नववीत प्रतिबंध सुरू करणे अनेकांच्या बाबतीत उशिराचे ठरते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे आढळले की, हुंगण्याचे पदार्थ हा एकच गट असा आहे, ज्यात प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) बालक व कुमारांचे प्रमाण (१.१७ टक्के) अधिक आहे. थिनर, व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन या वस्तू दुकानात सहज मिळतात आणि त्यांना कोणी 'मादक पदार्थ' म्हणत नाही. त्यांतील विद्रावकांमुळे हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो, आणि तो पहिल्याच वेळीही येऊ शकतो.

येथे विषशास्त्राची दृष्टी शिक्षकाला एका मोठ्या अडचणीतून सोडवते. 'तंबाखू म्हणजे विष, खाल तर मराल' असे वर्गात सांगितले जाते. ऐकणाऱ्या मुलाचे आजोबा चाळीस वर्षे तंबाखू खाऊन शेतात राबत असतात आणि आजी रोज सकाळी मशेरी लावत असते. मूल आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवते आणि शिक्षकाचे विधान खोटे ठरवते. त्यानंतर हेरॉइन किंवा विद्रावकांविषयी दिलेली खरी सूचनाही त्याच खात्यात जमा होते. मात्रा आणि काळ या संकल्पना जाणणारा शिक्षक निराळे बोलतो : तंबाखूने प्रत्येकाला कर्करोग होत नाही, पण होण्याची शक्यता पुष्कळ वाढते, कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही, आणि सुरुवात जितकी लहान वयात, तितका शरीराचा संपर्ककाळ अधिक. हे विधान कमी नाट्यमय आहे, पण आजोबांना पाहूनही ते टिकते.

६. निष्फळ ठरणारे उपाय

अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिस येथे पोलिस अधिकाऱ्यांमार्फत शाळांत व्यसनविरोधी पाठ देणारा 'डेअर' हा कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर पसरला. १९९० च्या दशकातील मूल्यमापनांत पदार्थसेवनावरील त्याचा परिणाम अत्यल्प आढळला. पुढे २००९ पासून त्याचा आशय बदलून कौशल्याधारित करण्यात आला. संयुक्त राष्ट्रांच्या मादक पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध केले. त्यांची दुसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली. केवळ माहिती देणे, भीती उत्पन्न करणे आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीचे आत्मकथन विद्यार्थ्यांना ऐकवणे, यांचा परिणाम शून्य किंवा विपरीत असू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत नेमके हेच उपाय सर्वाधिक प्रचलित आहेत. ३१ मे हा तंबाखूविरोधी दिन राज्यातील शाळांच्या उन्हाळी सुट्टीत येतो, तर २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन शाळा उघडताच येतो. तेव्हा शिक्षकाची नव्या वर्गाशी पुरती ओळखही झालेली नसते. वर्षातून एकदा दाखवलेली कर्करोगग्रस्त तोंडाची छायाचित्रे काही काळ लक्षात राहतात, वर्तन मात्र बदलत नाही.

या ठिकाणी उपचार आणि प्रतिबंध यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्थांनी सहानुभूतीवर आधारलेली उपचाराची वाट दाखवली. व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीचे अनुभवकथन उपचार घेणाऱ्याला आशा देते आणि तेथे त्याचे मोल निःसंशय मोठे आहे. परंतु ज्याने पदार्थाला स्पर्शही केलेला नाही अशा तेरा वर्षांच्या मुलाला त्याच कथनातून वेगळाच अर्थ लागू शकतो : एवढे सारे करूनही माणूस बरा होतो आणि व्यासपीठावर सन्मानाने बोलतो. श्रोता बदलला की साधनाचा परिणाम बदलतो, हे छात्राध्यापकाला शिकवले पाहिजे.

७. परिणामकारक अध्यापनाची दिशा

संशोधनातून पुढे आलेली वैशिष्ट्ये अशी आहेत : सलग आणि नियोजित तासिका, विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग, निर्णयक्षमता, ताण हाताळणे, नकार देणे यांसारख्या जीवनकौशल्यांचा सराव, आणि प्रशिक्षित शिक्षक. अशा कार्यक्रमांचा परिणाम मध्यम स्वरूपाचा असतो, चमत्कार घडत नाही, हेही प्रांजळपणे सांगणे योग्य.

पहिले सूत्र म्हणजे समजुतीतील चूक दुरुस्त करणे. कुमारवयीन मुले आपल्या वयाचे किती जण व्यसन करतात याचा अंदाज वास्तवापेक्षा जास्त करतात. 'तरुण पिढी व्यसनाच्या विळख्यात' यासारख्या घोषणा हा गैरसमज दृढ करतात. ८.५ टक्के या आकड्याची दुसरी बाजू ९१.५ टक्के आहे. दर शंभरांतील नव्वदहून अधिक मुले तंबाखू खात नाहीत, हे सांगणे सत्यही आहे आणि उपयुक्तही.

दुसरे सूत्र म्हणजे नकाराचा सराव स्थानिक परिस्थितीत करणे. पाश्चात्त्य पाठ्यसामग्रीत नकार मित्राला द्यायचा असतो. महाराष्ट्रातील मुलाची पहिली गाठ पुष्कळदा घरातील वडीलधाऱ्यांशी पडते : 'जा रे, टपरीवरून पुडी घेऊन ये.' वडीलधाऱ्याला 'नाही' म्हणणे उद्धटपणाचे मानले जाते. म्हणून सराव पाठात नकाराची मर्यादशील भाषा घडवावी लागते : 'काका, दुकानदार मला देणार नाही, अठरा वर्षांखालच्यांना विकायला कायद्याने बंदी आहे. तुमचं दुसरं काही आणायचं असेल तर आणतो.' अशी तीन-चार वाक्ये मुलांनी स्वतः तयार करून म्हणून पाहिली की, नकार हे कौशल्य बनते.

तिसरे सूत्र म्हणजे वर्गव्यवस्थापन हाच प्रतिबंध. १९८० च्या दशकात बाल्टिमोर येथे पहिलीच्या वर्गांत गटांच्या चांगल्या वर्तनाला प्रोत्साहन देणारा एक खेळ वापरण्यात आला. त्या मुलांचा पाठपुरावा तरुणपणापर्यंत केल्यावर, विशेषतः आरंभी अधिक आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये, मादक पदार्थांच्या समस्यांचे प्रमाण कमी आढळले. त्या खेळात पदार्थांचा उल्लेखही नव्हता. जो विद्यार्थी वर्गात सामावला जातो, त्याचा धोका घटतो. त्यामुळे मराठीचा किंवा गणिताचा शिक्षकही प्रतिबंधाचे कार्य करू शकतो.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. घातक मात्रेचे आकडे, पदार्थ मिळवण्याच्या वा वापरण्याच्या पद्धती आणि नशेच्या अनुभवाची वर्णने शालेय वर्गात देऊ नयेत. शिक्षकाला जे ज्ञात असावे आणि विद्यार्थ्याला जे सांगावे, यांत अंतर राखणे हा या विषयाच्या अध्यापनातील कळीचा विवेक आहे.

८. शिक्षकाची भूमिका, कायदा आणि मर्यादा

सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियम २००३ च्या कलम ६ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे आणि शैक्षणिक संस्थेच्या १०० यार्डांच्या आत ती विकणे प्रतिबंधित आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ अन्वये बालकास मद्य, मादक पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्ही तरतुदींचा रोख पुरवणाऱ्या प्रौढाकडे आहे. शाळेतील व्यवहारात मात्र शिक्षा बहुधा मुलाला होते : सर्वांसमोर अपमान, पालकांना बोलावून दमदाटी, शाळा सोडल्याचा दाखला. मुलाला शाळेतून काढल्याने त्याचे उरलेले संरक्षक कवच नाहीसे होते आणि तो त्याच टपरीच्या अधिक जवळ जातो.

शिक्षकाने निदान करावयाचे नसते, निरीक्षण करावयाचे असते. गैरहजेरी, घसरलेले गुण, डोळ्यांची लाली, कपड्यांना येणारा विद्रावकाचा वास, मित्रांचा अचानक बदललेला गट ही चिन्हे व्यसनाची असू शकतात. तशीच ती उपासमारीची, घरातील मारहाणीची किंवा नैराश्याचीही असू शकतात. म्हणून आरोपाने नव्हे, विचारपूस करून संभाषणाला प्रारंभ करावा. 'सगळे गुप्त ठेवीन' असे वचन देऊ नये, कारण जिवाला धोका असल्यास ते मोडावे लागते. 'तुझ्या सुरक्षिततेसाठी आवश्यक तेवढेच, आवश्यक त्यांनाच सांगेन' एवढे वचन पाळता येते. पुढील मदतीसाठी १४४४६ ही व्यसनमुक्ती मदतवाहिनी, १४४१६ ही मानसिक आरोग्य मदतवाहिनी आणि १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी प्रत्येक छात्राध्यापकाच्या टाचणवहीत लिहिलेली असावी.

छात्राध्यापकाचे स्वतःचे वर्तन हा नाजूक, परंतु टाळता न येणारा विषय आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते आणि त्यांत धूरविरहित तंबाखूचा वाटा फार मोठा होता. भावी शिक्षक याच समाजातून येतात. ज्याला सवय आहे त्याला वर्गात उघडे पाडण्याऐवजी ती सोडण्यासाठी साहाय्य उपलब्ध करून देणे हे प्रशिक्षण महाविद्यालयाचे कर्तव्य ठरते. ज्या वागणुकीची अपेक्षा तो पुढे आपल्या विद्यार्थ्याशी ठेवणार आहे, तीच त्याला येथे अनुभवता आली पाहिजे.

९. पंधरा तासिकांचा प्रस्तावित आराखडा

उपलब्ध वेळ लक्षात घेता पंधरा तासिकांत हा घटक बसवता येतो. पहिल्या चार तासिका विषशास्त्राच्या संकल्पनांसाठी आणि पुढील तीन परिसरातील विषे व प्रथमोपचाराच्या सरावासाठी ठेवाव्यात. या भागात नजीकच्या ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचे साहाय्य घ्यावे. दोन तासिका व्यसनाच्या शरीरशास्त्रासाठी, तीन जीवनकौशल्यांच्या सूक्ष्मपाठांसाठी, दोन कायदा व संदर्भसेवांसाठी आणि शेवटची प्रसंगचर्चेसाठी असावी. आंतरवासितेच्या काळात प्रत्येक छात्राध्यापकाने आपल्या शाळेचा 'धोका-नकाशा' तयार करावा : कुंपणावरील झाडे, प्रयोगशाळेतील रसायने, पोषण आहाराचे साठवणघर, शंभर यार्डांतील टपऱ्या.

मूल्यमापन निबंधात्मक प्रश्नाने करू नये. 'व्यसनाचे दुष्परिणाम लिहा' या प्रश्नाला पाठांतराने पूर्ण गुण मिळतात आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी प्रसंग द्यावा : सातवीतील मुलाच्या खिशात पुडी सापडली, तो म्हणतो ती वडिलांची आहे, पहिल्या दहा मिनिटांत शिक्षक काय बोलेल, कोणाला कळवेल आणि काय टाळेल? अशा उत्तरांतून शिक्षकाची खरी तयारी दिसते.

१०. समारोप

विषशास्त्र शिक्षकाला अचूकता देते आणि व्यसनप्रतिबंध त्या अचूकतेला माणुसकीची दिशा देतो. पहिल्याविना दुसरा उपदेशात विरतो. दुसऱ्याविना पहिले कोरडी माहिती ठरते. या घटकासाठी महागडी साधने लागत नाहीत. डब्यावरील त्रिकोण, कुंपणावरची चंद्रज्योत, हातावर मळला जाणारा चुना आणि टपरीपर्यंतचे अंतर ही शैक्षणिक साधने प्रत्येक शाळेच्या भोवताली आधीच उपलब्ध आहेत. लागतो तो अभ्यासक्रमात पंधरा तासिकांचा अवकाश आणि खरे तेवढेच सांगण्याचा निर्धार. विद्यार्थी अडचणीत सापडेल तेव्हा तो शिक्षकाला टाळेल की शिक्षकाकडे येईल, हे त्या शिक्षकाने पूर्वी वर्गात किती खरे आणि कसे सांगितले होते, यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहील.